मेणाचा डावा हात

उत्तर कोकणात, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीत देवखल नावाचं गाव आहे. केळीच्या वाड्या, पानवेली, मधून मधून माडांची रांग. याच गावी, वाडीच्या टोकाला, कुडाच्या एका घरात मिंगेलबाबांनी जन्म घेतला. बाबांचे वडील लोकांच्या वाड्यांना पाणी देत. घरापुढे विहीर, विहिरीवर लाकडी रहाट आणि रहाटाला जुंपलेला एक म्हातारा बैल, एवढीच त्यांची मालमत्ता. भाविकहो, आज तुम्ही लांबून लांबून येता, मेणबत्त्या लावता, उंबऱ्याची माती कपाळाला लावता, ते हेच घर आणि हाच रहाट!

बाबा ऐन तरुण असतानाची गोष्ट. वैशाखाच्या भर दुपारी बैल मटकन खाली बसला, तो उठेना. शेजारच्या एका आजारी विधवेची केळी तेवढी पाण्यावाचून राहिली होती. बाबांनी बैलाच्या मानेवरचं जू काढलं, त्याला सावलीत नेऊन पाणी पाजलं आणि स्वतः दांडीला छाती लावून संध्याकाळपर्यंत रहाट फिरवला. वाटेने जाणारे हसले. म्हणाले, "मिंगेल, आता शेपूट तेवढं लाव!"

बाबा म्हणाले, "लावलं असतं हो, पण बैलाकडे एकच आहे, आणि आज माश्या फार आहेत."

असे आमचे बाबा! पुढे ते मठात जाऊन ब्रदर झाले. दूरच्या एका महारोग्यांच्या वसाहतीत त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे झडलेले हात धुतले, पट्ट्या बांधल्या. शेवटच्या दुखण्यात गावकऱ्यांनी त्यांना निरोप धाडला, की तुमच्या जन्मघरावर मोठं चॅपल बांधतो. बाबा म्हणाले, "भिंती वाढवू नका. रहाट चालू ठेवा. तो करकरतो ना, तीच माझी प्रार्थना."

तेव्हापासून देवखलचा रिवाज पडला. बाबांच्या सणाला रहाटाला बैल जुंपत नाहीत, माणसं दांडीला लागतात. आलेला प्रत्येक यात्रेकरू रहाटाचा एक फेरा मारतो, त्या पाण्याने पाय धुतो आणि मग घरात शिरतो. ज्याचं जे दुखत असेल त्याचा मेणाचा अवयव बाबांच्या मूर्तीच्या पायाशी ठेवतो. कुणी पाय ठेवतो, कुणी डोळे, लेकरासाठी नवस केलेली बाई मेणाचं बाळ ठेवते.

आत गेलात की काचेच्या पेटीत एक तपकिरी, चेपलेला हात दिसेल. नव्या माणसाला वाटतं, कुणाच्या पायाखाली आला की काय! त्याचीच ही कथा. माझी आई त्या दिवशी स्वतः दांडीला होती, तेव्हा ऐकीव म्हणून सोडून देऊ नका.

खाडीपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी बावतीस आणि कोंसूबाई असं एक जोडपं राहत होतं. बावतीस पाडेली होता. माडावर चढायचं आणि नारळ पाडायचे, हा त्याचा धंदा. एके दिवशी ओल्या माडावरून पाय निसटला आणि तो खाली आला. जीव वाचला, पण उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. हाडवैद्य झाला, दवाखाना झाला. सात महिने हात नुसता अंगाला लोंबत होता.

धंदा गेला, त्याचं दुःख होतंच. कोंसूबाई लोकांच्या वाडीत खुरपायला जाऊन चूल पेटती ठेवत होती. पण तिला आतून पोखरत होतं ते निराळंच. चर्चमध्ये सगळे उजव्या हाताने क्रुसाची खूण करत, तेव्हा बावतीसचा डावा हात वर जाई आणि माणसं माना वळवून बघत. एका रविवारी कुणीतरी फिसकन हसलं. त्या दिवसापासून बावतीसने चर्चची पायरी सोडली. जेवणाआधीची खूणही तो करीनासा झाला.

"देवापुढे डावा हात नाचवत कसा उभा राहू?" तो म्हणे. "त्याला माझा उजवा नको असेल, तर मीही नको."

हे ऐकून कोंसूबाई मनात म्हणे, हात गेला तर गेला, पण आपला माणूस देवापासून तुटत चाललाय! शेवटी तिने ठरवलं, बाबांच्या सणाला याला देवखलला न्यायचं आणि मेणाचा हात ठेवायचा.

चर्चपाशी मिळतात तसले साच्यातले पांढरेशुभ्र हात आणायचे कुठून? वाडीत एक जुनं पोळं होतं. तिने ते उतरवलं, मेण वितळवून गाळलं आणि कोमट गोळा हातात घेऊन नवऱ्यासमोर बसली. "अहो, जरा हात मांडीवर ठेवा, बघू दे." त्याने डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवला. ती बघे, वळे, पुन्हा बघे. नखं काडीने कोरली. तळव्यावरच्या रेषासुद्धा काढल्या, माउलीने! पण समोरासमोर बसलं की समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. अंगठा कुठल्या अंगाला, हे तिने त्या बाजूच्या आपल्या हाताकडे बघून ठरवलं. आणि हात झाला डावा. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

सणाच्या सकाळी होडीतून खाडी ओलांडून, पुढे दोन कोस चालून दोघं देवखलला पोचली. बावतीस यायला तयार नव्हता. कोंसूबाईने दोन दिवस अन्नाला शिवणार नाही म्हटलं, तेव्हा कुठे उठला.

त्या वर्षी सणाचे मुकादम होते इनास. सणाची सगळी व्यवस्था बघणारा तो मुकादम. माणूस कामाचा, पण ताठा असा, की नजर कायम समोरच्याच्या डोक्यावरून जायची. नवा कोट घालून, बाहीला जरीची पट्टी लावून ते अंगणात फिरत होते. थोड्याच वेळात मिरवणुकीबरोबर बाहेरगावचे फादर येणार होते, त्यांच्यापुढे सगळं कसं झकपक दिसायला हवं होतं. मेणाचे हातपायही त्यांनी स्वतः ओळीने लावून घेतले होते, सगळे पांढरे, सगळे एका मापाचे.

कोंसूबाईने पदराखालून आपला हात काढला. मुकादमांनी तो दोन बोटांत धरून उचलला.

"हे काय गं बाई? हात आहे की केळफूल?"

"हात आहे, मुकादम. आमच्या ह्यांचा."

"आणि हा अंगठा? वेलची केळं चिकटवलंस होय?" आजूबाजूचे हसले. मुकादमांना चेव आला. त्यांनी बावतीसचा लोंबणारा हात पाहिला, मेणाचा हात पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं, तुझ्या नवऱ्याचा उजवा गेलाय आणि तू आणलास डावा! आता बाबा त्याचा धडका हात बरा करणार की काय?"

अंगण खदखदून हसलं. कोंसूबाईने हात नीट पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. खरंच की! एवढं जपून केलं, आणि तेच चुकलं. बावतीस खाली मान घालून म्हणाला, "चल घरी. सांगितलं होतं ना तुला."

कोंसूबाईचे डोळे भरले होते, पण ती हलली नाही. "वेडावाकडा असेल, मुकादम, चुकलाही असेल. पण बाबांना ओळखू येईल," ती म्हणाली. "तेवढा आत ठेवा."

"आत? माझी सगळी ओळ बिघडेल!" मुकादमांनी तो हात रहाटाच्या खांबावर, चाकांच्या वर जी फळी असते तिच्यावर ठेवून दिला. "असू दे इथे. बाबांना ओळखू आला, तर येतील स्वतः आणि घेऊन जातील."

भाविकहो, बोलणाऱ्याला कळत नसतं आपण काय बोलतो आहोत ते!

कोंसूबाईने नवऱ्याचा डावा हात धरला. "हात आत गेला नाही, पण फेरा तर मारू. बाबांचं पाणी पायाला लागल्याशिवाय मी परत जाणार नाही." तिचं मन मोडू नये म्हणून बावतीस दांडीला लागला. डावा हात आणि छाती दांडीला, उजवा नुसता लोंबता. आणखी दहाबारा जणं होती, त्यांत माझी आई. बाबांचं गीत सुरू झालं आणि रहाट फिरू लागला.

रहाटाला दोन चाकं असतात. माणसं दांडी ढकलत गोल फिरतात, तसं आडवं चाक फिरतं. त्याचे लाकडी दाते उभ्या चाकाच्या दात्यांत शिरतात आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर येते. त्या दात्यांत सापडलं त्याचा चुरा होतो. मोठमोठी लाकडंसुद्धा त्यांनी चावली आहेत.

रहाट करकरू लागला. बाबांची प्रार्थनाच ती! पण मुकादमांना त्याची लाज वाटली. मिरवणूक वळणावर आलेली, आणि पाहुण्यांपुढे हे असलं रडगाणं! "थांबवू नका, चालू द्या," असं ओरडत ते तेलाचं डबडं घेऊन चाकाशी गेले आणि फिरत्या दात्यांवर तेल सोडू लागले. डबडं उजव्या हातात, डावा हात टेकलेला चाकाच्या कडेला. नव्या कोटाची जरीची बाही दात्यात अडकली.

एक हिसका बसला. मनगट आत ओढलं गेलं. मुकादम किंचाळले, पण गाणं टिपेला पोचलं होतं, आणि मिरवणुकीचा बँडही कोपऱ्यावर आलेला. दांडीवरच्या माणसांची पाठ चाकाकडे. कुणाला काही ऐकू गेलं नाही आणि पावलं तशीच पुढे पडत राहिली.

बावतीस दांडीच्या शेवटच्या टोकाला होता. लाजेने त्याने मान बाजूला वळवली होती, म्हणून त्याला ते दिसलं. दात्यात चाललेला हात दिसला. त्या माणसाने घटकाभरापूर्वी केलेला अपमान त्याला आठवला की नाही, देव जाणे. "देवा!" असं ओरडून त्याने टाचा जमिनीत रोवल्या, दांडीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि सगळं अंग मागे टाकलं. दहाबारा माणसांचा रेटा एका माणसाने अडवला. माझी आई सांगायची, दांडी भिंतीला लागावी तशी थबकली.

गाणं थांबलं. आरडाओरडा झाला, लोकांनी दांडी उलटी फिरवली आणि मुकादमांचा हात बाहेर आला. मुकादमांनी डोळे गच्च मिटले होते. "गेला ना?" एवढंच ते म्हणत होते. "गेला ना माझा हात?"

"डोळे उघडा, मुकादम," कुणीतरी म्हणालं.

बाहीच्या चिंध्या झाल्या होत्या. हात मात्र धड होता. पाचही बोटं हलत होती, साधं खरचटलंही नव्हतं. आणि दोन दात्यांच्या मधे, जिथे तो हात चिरडायचा तिथेच, कोंसूबाईचा मेणाचा हात चेपून बसला होता. हिसक्याने फळीवरून पडला असेल म्हणा. पण पडायला सगळी विहीर मोकळी होती, सगळं अंगण मोकळं होतं! तो पडला तो नेमका तिथे, दात्यांच्या आणि मुकादमांच्या हाताच्या मधे. पाचही बोटांवर दात्याचा खोल वळ उठला होता. डावा हात. डाव्या हाताचा घाव त्याने स्वतःवर घेतला होता.

सगळे मुकादमांभोवती जमले. कोंसूबाई तेवढी तिकडे बघत नव्हती. ती दांडीच्या टोकाकडे बघत होती.

"अहो," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "तुमचा हात."

बावतीस अजून दांडीला धरून उभा होता. दोन्ही हातांनी! उजव्या हाताची बोटं लाकडावर अशी आवळली होती, की नखं पांढरी पडली होती. त्याने खाली पाहिलं आणि तो घाबरलाच. बोटं सुटता सुटेनात. कोंसूबाईने एकेक करून ती सोडवली. अंगठा, मग पहिलं बोट, मग पुढचं. तो हात तिच्या हातात गरम लागला आणि तिला रडू कोसळलं.

बावतीसने हात उचलला. तो कपाळाला लागला, मग छातीला, मग डाव्या खांद्याला, मग उजव्या. सात महिन्यांनी! अंगणात कुणी हसलं नाही. मिरवणुकीतले फादर फाटकाशीच गुडघ्यांवर आले.

मुकादमांनी मेणाचा हात दात्यांतून सोडवला. आत जाऊन त्यांनी आपली ती पांढरी ओळ बाजूला सारली आणि तो तपकिरी, चेपलेला हात बाबांच्या पायाशी मधोमध ठेवला. मग बाहेर येऊन कोंसूबाईपुढे हात जोडून उभे राहिले.

"बाई, तुम्ही चुकला नव्हता. तो हात माझा होता," ते म्हणाले. "मी काय बोललो, ते पोटात घाला."

"बाबांना ओळखू आला, झालं," ती म्हणाली. "चला, आपल्या सगळ्यांचा फेरा अर्धा राहिलाय." आणि फाटक्या बाहीने मुकादम दांडीला लागले, बावतीसच्या शेजारी. दात्यांना तेल लावायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढच्या सणाला कोंसूबाई आणि बावतीस आली, तेव्हा मुकादम रांगेत सगळ्यांच्या मागे उभे होते. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बावतीसचा नवस अजून फिटायचा राहिला होता ना, उजव्या हाताचा! त्यांनी स्वतः पोळ्याचं मेण आणून, चार वेळा मोडून पाचव्यांदा तो हात वळला होता. उंबऱ्याशी त्यांनी तो ठेवला आणि कपाळ टेकलं.

कोंसूबाईने तो बघितला. तिला हसू आवरेना. "मुकादम, अंगठा वाकडा झालाय हो!"

मुकादमांनी उंबऱ्यावरचं डोकं वर उचललं नाही.

"असू दे बाई," ते म्हणाले. "बाबांना ओळखू येईल."