मुलीचं घराणं

फार जुन्या काळी एका देवराईत पोपटांचं मानाचं घराणं होतं. त्यांची ढोली रिवाजाने फक्त मुलग्याकडे जायची. थोरला पोपट वारला, तेव्हा मागे तीन मुलीच होत्या. पुतण्या आला आणि त्याने काकूला मुलींसकट बाहेर काढलं. एकाही नातलगाने त्यांना थारा दिला नाही.

तेव्हा सुतारपक्षी आला. "वहिनी, सावरीच्या खोडात मी नवी ढोली कोरलीय. तिथे राहा."

"भावोजी, आम्ही तुम्हाला कधी पंगतीला बोलावलं नाही," ती खालमानेने म्हणाली.

"पोरी कुडकुडताहेत. आधी आत चला."

पुढे थोरलीला स्थळ आलं. पाहुण्यांनी विचारलं, "मुलीचं घराणं कोणतं?"

आईने मागे बसलेल्या सुतारपक्ष्याला पुढे आणलं.

"हे तिचे काका," ती म्हणाली. "आम्ही यांच्या घरच्या."