भिंतीतला पिंपळ

"पण पिंपळ उपटायचा तरी कसा, बाबा?"

केवळगीरबाबा अंगणात बसून शिडीच्या पायऱ्या हलवून बघत होते. दसरा उलटून आठवडा झाला होता. पावसाळा सरला की मठाच्या छतावर स्वतः चढायचं, हा त्यांचा नेम. वय ऐंशी, पण त्या शिडीवर दुसऱ्या कोणाला पाय ठेवू द्यायचे नाहीत.

विचारणारा दौलतगीर, त्यांचाच शिष्य. काशीला बारा वर्षं शिकून आलेला, आता नदीपलीकडच्या मठाचा महंत. विद्या पोटात मावायची नाही, म्हणून बोलण्यातून सांडायची. आज मात्र तोंड उतरलं होतं.

"काय झालं, नीट सांग की."

"पाच वर्षांमागं आमच्या मठाच्या भिंतीत पिंपळ उगवला. दोन पानांचा. मीच प्रवचनात सांगितलं, साक्षात देव घरी आला. बायका सूत गुंडाळू लागल्या. मी रोज तांब्याभर पाणी घातलं."

"रोज?"

"एक दिवस चुकला नाही."

बाबांनी हसू दाबलं. "मग?"

"आता मूळ मांडीएवढं झालंय. भिंत फाटली. गवंडी म्हणतो, पुढचा पावसाळा काढणार नाही. भिंतीला लागूनच आदिगुरूंची समाधी... पिंपळ तोडावा तर पाप, ठेवावा तर समाधी जाते."

दोनशे वर्षं उभी राहिलेली भिंत आपण तांब्याने फाडली, हे त्याला कळत होतं. बोलवत नव्हतं इतकंच.

बाबा उठले. "शिडी धर."

वर जाऊन त्यांनी पन्हाळीतला कुजका पाला हाताने काढला. चुन्याच्या भेगा बोटाने चाचपल्या. मग कठड्याच्या सांध्यातलं दोन पानांचं रोप चिमटीत धरून अलगद ओढलं. मुळासकट आलं.

ते ओल्या फडक्यात गुंडाळून बाबा खाली उतरले आणि मठामागच्या ओढ्याकडे चालू लागले.

काठाने पिंपळच पिंपळ. ओळीने उभे, मठाहून उंच. याच सावलीत बसून दौलतगीर अक्षरं गिरवायला शिकला होता. ते कोणी लावले, हे विचारायचं मात्र त्याला कधी सुचलं नव्हतं.

"किती आहेत, बाबा?"

"एकेचाळीस. समदे माझ्याच छतावरचे. ह्यो तुला दीक्षा दिली त्या सालचा. त्यो तू काशीला गेलास तवाचा."

दौलतगीर मान वर करून बघतच राहिला...

"म्हणजे तुमच्याकडे देव दरवर्षी येत होता?"

"येतो की. पर भिंतीत त्याला ऐसपैस व्हत न्हाई. दोन पानं हायेत तवर बोट धरून न्यावं लागतं."

"आणि माझा?"

"आता एकेक दगड काढून भिंत उतरव. फांद्या छाट, मुळं सांभाळ, नदीकाठी लाव. अन् तांब्या हाय न्हवं तुझ्याकडं? पाणी तिथं घाल."

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि दौलतगीर जवळजवळ धावतच आला. महंतपण वाटेत कुठेतरी गळून पडलं असावं. धोतर चिखलाने भरलेलं, हात चुन्याने फुटलेले.

"बाबा, भिंत उभी राहिली! समाधीला ओरखडा नाही! नदीकाठचा पिंपळही फुटला, तांबूस पानं आलीत!"

मग त्याने उपरण्यातून एक ओलं फडकं काढून उलगडलं. आत दोन पानांचं रोप.

"हा यंदा छतावर सापडला. मी स्वतः चढलो होतो."

बाबांनी रोपाकडे पाहिलंच नाही. त्यांनी शिष्याचे हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. त्यांचे डोळे भरून आले होते.

शिडी भिंतीला टेकलेली होती. बाबांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली...

"चढ. आज मी धरतो."