भागीरथीबाईंच्या हातातला डगला

ऐका खुंटीदेवी, तुमची कहाणी. अक्षरन् अक्षर खरी, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. म्हणजे मी तेव्हा माहेरी होते, पण खरीच.

आटपाट नगर होतं, नगरात कोर्ट होतं. तिथं वामनराव वकील होते. कोर्टात गाईसारखे. कधी खोटं बोलले नाहीत, पक्षकाराला फसवलं नाही. बाहेर पडले की मात्र वळू! भांडण दिसलं की काळा डगला उतरवायचे, बायकोच्या हातात द्यायचे, म्हणायचे, "धर गं. आता मी वकील नाही." मग अस्तन्या सारायचे. भागीरथीबाई रस्त्यात डगला धरून उभ्या. करतात काय!

एकदा नळावर भांडले, शेजाऱ्याची घागर फोडली. "धर गं डगला." एकदा देवळात भांडले, पुजाऱ्याला ढकललं. "धर गं डगला." एकदा सदोबा इस्त्रीवाल्यानं दारापुढे हातगाडी लावली. "धर गं डगला!" थोबाडीत दिली, त्याचा दात पडला. बाई कपाळाला हात लावायला गेल्या, तर हातात डगला!

मग सदोबा उठला, वकिलांच्या शिस्त समितीपुढे गेला. सनद जायची पाळी आली. वामनराव म्हणाले, "मारलं खरं, पण ते कामाबाहेर. डगला हिच्याकडे होता, विचारा हिला."

"काय हो बाई?"

बाईंना वाटलं, खोटं बोलावं तर देव कोपेल, खरं बोलावं तर चूल विझेल. मग म्हणाल्या, "डगला माझ्याच हातात होता. मारणारा हात मात्र ह्यांचा होता."

समिती म्हणाली, "सनद डगल्याला दिली नव्हती, माणसाला दिली होती." वर्षभर वकिली बंद.

घरी वामनराव कडाडले, "घर बुडवलंस!"

"अहो, जन्मभर तुमचा डगला धरला. आता माझा वसा घ्या."

"कसला वसा?"

"डगला खुंटीला लावावा, शेजारी राग लावावा. नळावर, देवळात, दारात, न्यायाधीशापुढे बोलावं तसं बोलावं. मारलं त्याची माफी मागावी. उतू नये, मातू नये."

मग वामनरावांनी वसा घेतला, सदोबाचे पाय धरले. वर्ष सरलं, सनद परत आली. खुंटीदेवी त्यांना पावली तशी तुम्हांआम्हां पावो, कुणाच्या हाती कुणाचा डगला न येवो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरीं गोड होवो.

आता खोटं कुठलं ते सांगते. पाय धरले, सनद आली, ते माझ्या पदरचं. वर्ष अजून सरायचंय. खुंटी रिकामी आहे. बाईंनी डगला नेऊन कोपऱ्यापलीकडं सदोबाच्या हातगाडीवर ठेवलाय, म्हणाल्यात, "तुमचा तुम्ही आणा." वामनराव रोज कोपऱ्यापर्यंत जातात नि परत येतात.