वीस फुटी त्र्यंबकशेठ

"वीस फूट उंच! आणि मिशीत एकही खोटा केस नको!"

गुलाबशेठ शहाणे यांनी काउंटरवर पेनड्राइव्ह आपटला. त्यांच्या सराफी पेढीला शंभर वर्षं होत होती. पेढी काढणारे त्यांचे आजोबा, त्र्यंबकशेठ, यांचा फोटो तिमजली दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावायचा होता. पण मूळ फोटो वाळवीनं खाल्ला होता. तो पासपोर्टच्या फोटोएवढा, साडेचार सेंटिमीटर उंच. वाळवी लागायच्या आधी जावयानं त्याची संगणकात घेतलेली एक प्रत तेवढी उरली होती.

अंबिका रंगारीनं ती प्रत उघडली. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, ही फ्लेक्स छापायची. अख्ख्या मोहगावात तिचं मशीन सगळ्यात जुनं होतं आणि जीभ सगळ्यात ताजी.

"शेठ, आधी कुणाकडे गेला होतात?"

"दोघांकडे! एकानं आजोबांना असं काही मोठं केलं की न्हाणीघरातल्या वाफेत उभे आहेत असं वाटावं! दुसऱ्यानं संगणकाकडून मिशी भरून घेतली. टोकं वर वळवली! आमच्या आजोबांची मिशी खाली वळायची, खाली! शहरातला जावई सांगतो, छपाई चांगली हवी तर इंचाला तीनशे ठिपके पाहिजेत. मला तीनशेच पाहिजेत. आणि सगळे खरे!"

अंबिकानं हिशोब केला. संगणकातला फोटो म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी, ज्यांना लोक पिक्सेल म्हणतात. या फोटोत उभे ठिपके होते पाचशे एकतीस. वीस फूट म्हणजे दोनशे चाळीस इंच. इंचाला तीनशे धरले तर हवे होते बहात्तर हजार!

"शेठ, एवढे ठिपके आजोबांनी दिलेलेच नाहीत. एका खऱ्या ठिपक्यामागे अठरा हजार खोटे घालावे लागतील."

"एकही खोटा चालणार नाही!"

"मग तीनशे जमणार नाहीत."

"तीनशेच पाहिजेत! जमलं तर तिन्ही दुकानांचं वर्षाचं छापकाम तुझं. नाही जमलं तर खर्च तुझ्या अंगावर, आणि रंगारीच्या दुकानात आमच्या आजोबांची चेष्टा झाली हे मी बाजारात ओरडून सांगेन!"

शेठ बाजारात ओरडले की ते तीन गावांना ऐकू जायचं. अंबिकानं पडद्यावरची मिशी नीट न्याहाळली. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं,

"शेठ, इंचाला तीनशे. पण कुठल्या इंचाला? आजोबांच्या फोटोच्या की तुमच्या भिंतीच्या?"

"हा काय प्रश्न झाला? आजोबांच्या फोटोच्या! भिंतीला काय मिशा असतात?"

दुकानातली चार गिऱ्हाइकं हसली. अंबिकानं ऑर्डरच्या वहीत लिहिलं, 'आजोबांच्या फोटोच्या इंचाला तीनशे ठिपके, सगळे खरे.' शेठनी झोकात सही ठोकली.

चौथ्या दिवशी सकाळी फ्लेक्स चढला. बांधणारी माणसं अजून परांचीवरच होती, तोच गुलाबशेठ धोतर सावरत बांबूवरून वर चढले. खिशातून हिरे पारखायचं भिंग काढलं आणि फ्लेक्सला नाक लावलं.

"चौकोन!" ते वरून गरजले. "नुसते काळे-करडे चौकोन! एकेक अर्ध्या इंचाचा! हे माझे आजोबा आहेत का बाथरूमची फरशी?"

खाली चौकात गर्दी जमली.

"मोजा शेठ!" अंबिका खालून ओरडली. "साडेचार सेंटिमीटरच्या फोटोत इंचाला तीनशे, म्हणजे उभे पाचशे एकतीस, आडवे चारशे तेरा. एक जास्त निघाला तर फ्लेक्स फुकट! फोटोतला एकही ठिपका जागचा हलवलेला नाही, फक्त प्रत्येक जेमतेम अर्ध्या इंचाचा केलाय. मधे मी काहीसुद्धा भरलेलं नाही!"

"पण चेहरा कुठंय?"

"तुम्ही मिशीत उभे आहात, शेठ! बाहेर या!"

शेठ लालबुंद होऊन उतरले. "चल, आता ओरडतो बाजारात!"

"ओरडा, पण एस. टी. स्टँडापाशी जाऊन ओरडा. तिथं माणसं जास्त असतात."

शेठ तरातरा निघाले, मागोमाग अंबिका. दीडशे पावलांवर स्टँड. तिथं पोचून त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, दुकानाकडे बोट दाखवायला वळले, आणि बोट तसंच हवेत राहिलं.

समोर त्र्यंबकशेठ होते. कपाळाची आठी, पगडीची कड आणि खाली वळलेली मिशी. डाव्या बाजूला मिशीत बोटभर फट होती. भट्टीजवळ भाजल्याची ती खूण फक्त घरच्यांना ठाऊक होती.

"आजोबा..." गुलाबशेठ पुटपुटले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी उपरण्यानं चटकन टिपलं. हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते अंबिकाकडे वळले.

"इथून दिसतात, कबूल. पण जवळून चौकोन दिसतात त्याचं काय?"

"शेठ, वीस फूट उंचावर चढून मिशीला नाक लावणारा अख्ख्या मोहगावात एकच माणूस आहे, आणि तो आत्ताच खाली उतरलाय!"

स्टँडावरचे ड्रायव्हर-कंडक्टर खो खो हसले. शेठनी क्षणभर डोळे वटारले, मग त्यांचंही पोट हलायला लागलं. हसता हसता ते तिथल्याच बाकावर बसले.

"पोरी, तिन्ही दुकानांचं काम तुझं! आणि शताब्दीच्या दिवशी आजोबांच्या लेकीला, माझ्या म्हाताऱ्या आत्याला घेऊन येतो, तिची खुर्ची बरोबर इथं मांडायची जबाबदारीही तुझी. तुला पैठणी आमच्याकडून, रंग तू सांग!"