काठीवरचा खराटा

आत जाण्याआधी जरा मान वर करा. दारावरच्या काठीला काटक्यांचा खराटा बांधलेला दिसतोय ना? झाडलोट राहिली म्हणून नाही टांगलेला. थॉर्नकम गावातल्या या पबचं नावच मुळी 'ब्रूम', म्हणजे खराटा. इथे घरची एल मिळते, म्हणजे जवाची बिअर. पावाबरोबर मटणाचा गरम रस्सा मिळतो आणि वर उतरायला चार खोल्या आहेत. मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इथे आले त्याला पस्तीस वर्षं झाली, तेव्हा ही गोष्ट आता माझ्याही घरचीच समजा.

असं सांगतात की चारेकशे वर्षांपूर्वी हे घर मार्जरी नावाच्या विधवेचं होतं. ती घरीच एल करायची. तेव्हा पाटी लावून उपयोग नव्हता, वाचणार कोण? पिंप तयार झालं की दारावर खराटा चढवायचा, संपलं की उतरवायचा, अशी रीत. मार्जरीचा हात एवढा चालता, की तिचा खराटा कधी उतरलाच नव्हता. तिची एकुलती एक लेक सिसली टेकडीपलीकडच्या गावी दिलेली. सासरी जाताना मार्जरीनं तिला सांगितलं होतं म्हणे, "टेकडीवरून खराटा दिसला की समज, मी आहे आणि दार उघडं आहे."

मग प्लेगचं साल आलं. परक्या माणसाला थारा द्यायचा नाही, असं गावानं ठरवलं. वाटसरू वळतात ते खराटा बघून, तेव्हा आधी तो उतरवा, असं गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी मार्जरीला सांगितलं. तिनं मुकाट्यानं उतरवला. त्यात तिचं काय चुकलं, मला तरी सांगता येणार नाही. गावात लहान लहान पोरं होती. लेकीची आठवण झाली नसेल असंही नाही. पण सिसलीला सातवा लागलेला, अशात ती कशाला घराबाहेर पडेल, असं आईनं धरून चाललं.

तिकडे प्लेगनं सिसलीचा नवरा गेला आणि ती जड अंगानं माहेरी निघाली. टेकडीवर आली, खाली बघते तो काठी रिकामी. तिथे एक म्हातारा मेंढ्या चारत होता. तिनं लांबूनच विचारलं, "माझी आई कधी गेली?" प्लेगच्या गावाकडून आलेली बाई बघून तो इतका घाबरला, की उत्तर न देता मेंढ्या हाकत निघून गेला. ती दिवस कलेपर्यंत तिथे बसली आणि मग आल्या वाटेनं परत फिरली.

तीन आठवड्यांनी म्हाताऱ्याला राहवलं नाही. त्यानं येऊन मार्जरीला सगळं सांगितलं. मार्जरी गावोगाव हिंडली, पण सिसली काही सापडली नाही. बाळंत होऊन दूर कुठे सुखात राहिली, असं आमच्या गावात सांगतात. लोकांना तसं सांगावंसं वाटतं, मलाही वाटतं. परत आल्यावर मार्जरीनं कुणालाही न विचारता खराटा चढवला आणि मरेपर्यंत तो हलू दिला नाही.

आजही दर सप्टेंबरात खराटा बदलतात, तेव्हा आधी नवा बांधतात, मगच जुना सोडतात. काठी क्षणभरही रिकामी ठेवायची नाही. आणि बांधणाऱ्यानं टेकडीकडे तोंड करून हाक मारायची, "सिसली, दार उघडं आहे." पहिल्या वर्षी मला याचं हसू आलं होतं. त्याच हिवाळ्यात सांगलीहून आई गेल्याचा फोन आला, आणि मला वेळेवर पोचता आलं नाही. पुढच्या सप्टेंबरपासून हाक मीच मारते.