तीन केसांचा कुंचला

फार जुनी नाही, कुंचले बोलत असत त्या काळातली गोष्ट. गणपती रंगवणाऱ्या वत्सलाबाईंनी आपल्या बागेतल्या छोट्या रेल्वेसाठी हातभर लांबीचं स्टेशन उभारलं.

रुंद कुंचल्याने सकाळीच फलाट आणि कौलं रंगवली आणि कुंचल्यांच्या डब्यात येऊन तो तोरा मिरवू लागला. "तुझं काय काम उरलंय रे टकल्या?" त्याने म्हाताऱ्या कुंचल्याला विचारलं. म्हाताऱ्याचे तीनच केस शिल्लक होते. आता आपली रवानगी केरात, असं धरून तो डब्याच्या तळाशी सरकला.

फलाटावर करंगळीएवढे मातीचे प्रवासी उभे होते, पण एकालाही डोळे नव्हते. डोळे सगळ्यात शेवटी, हा वत्सलाबाईंचा रिवाजच. त्यांनी नवाकोरा कुंचला उचलला, तर हमालाचं अख्खं तोंड काळं झालं.

"छे! माझा म्हातारा कुठे गेला?" म्हणत त्यांनी हमालाचं तोंड पुसलं आणि डबाच पालथा केला.

त्या तीन केसांनी खसखशीएवढे डोळे रेखले. "गाडी आली!" हमाल ओरडला. सगळे रुळांकडे बघू लागले. गाठोडंवाली म्हातारी तेवढी मागे वळली.

"गाडी काय, मागनं बघेन," ती म्हणाली. "आधी मला ज्यानं डोळे दिले, त्याला बघू दे."