भिंतीवरचे आणि पाण्यातल्या

त्या राज्यात प्रत्येक वस्तीच्या पोटात एक भट्टी जळत असे. भट्टी विझली की वस्ती मरे, म्हणून तिला कुणी हात लावत नसे. पण भट्टीतून ठिणग्या उडत. ठिणगी समोर येईल त्याच्या अंगाचा लचका तोडी, आणि ज्याचा लचका तुटे तोही तितकाच पिसाळून शेजाऱ्यावर धावून जाई.

वस्तीची भिंत तेलकट होती. तिच्यावरचे पहारेकरी गळितधान्याच्या मुलखातून आलेले, दणकट, पुष्कळ टिकणारे. बयाजी त्यांच्यातलाच. ठिणगी उघड्या छातीवर झेलायची, हे त्याचं काम. झेलली की त्याच्या डोळ्यांत रक्त उतरे आणि हात शेजाऱ्याच्या नरड्याकडे जात. तेवढ्यात भिंतीखालच्या ओढ्यातून एक बाई हात वर करी आणि त्याची आग स्वतःच्या अंगात ओढून घेई.

या बाया आंबट फळांच्या बागांतून येत आणि दिवस मावळेपर्यंत ओढ्याबरोबर वाहून जात. रोज नवी बाई. बयाजी प्रत्येकीला आवडाईच म्हणे.

"आवडाई, कालची तूच का गं?"

"काल कोण होती कुणास ठाऊक. वाक खाली, तेलकटा, पेटलायस तू."

"हात भाजतील तुझे."

"भाजायलाच आलेय. आधी त्या गरिबाचं नरडं सोड."

वस्तीच्या मधल्या घरात एक दोर जपलेला होता. वस्तीतून लेकवस्ती निघे तेव्हा त्यावरून नवा दोर वळत, आणि दर खेपेला टोकाची गाठ थोडी झिजे. आता ती एकाच लेकवस्तीपुरती उरली होती. शेजारची वस्ती जळून तिथे भगदाड पडलं होतं. ते भगदाड त्या लेकवस्तीने भरलेलं बयाजीला पाहायचं होतं. रोज पहाऱ्यावर चढताना तो आधी मधल्या घराकडे पाही.

एके दिवशी वेशीवरच्या नायकाने वरचा हुकूम वाचून दाखवला. पाण्यातल्या बायांना वेस बंद. भिंतीवर मात्र दाटीवाटीने पहारेकरी भरायचे.

"त्या रोज येतात, रोज वाहून जातात," नायक म्हणाला. "असल्यांना कशाला पोसायचं? टिकणाऱ्यांचीच भरती करा."

"आणि आमची आग कोण घेणार, नायक?" बयाजीने विचारलं.

"एवढे गडी आहात की! एकमेकांची घ्या."

भिंतीवर खांद्याला खांदा लागला. ठिणगी उडाली, एकाने झेलली, आणि सवयीने खाली वाकला. ओढा रिकामा होता. त्याने उठून शेजाऱ्याची मान मोडली. शेजाऱ्याच्या अंगातून आग तिसऱ्यात गेली. पहारेकरीच पहारेकऱ्यांना दातांनी फाडू लागले. भिंतीचं तेल पेटलं, ती जागोजाग फाटली. एका जळत्या गड्याने बयाजीला मिठी मारली. बयाजी भिंतीवरून उलटा पडला, उठला आणि धावत सुटला.

"आवडाई!" तो ओरडत होता. "कुणीतरी घ्या गं!"

आग घ्यायला कुणीच नव्हतं. अंगातली आग त्याला ओढत मधल्या घरात घेऊन गेली. दोर दिसताच तो दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. आगीच्या ओढीने हात कोपरापासून तुटले. तो तोंडावर पडला, आणि त्याच्या दातांनी गाठ तोडली.

वस्ती मेली नाही. तिने आतून दारं लावून घेतली. लेकवस्ती आता निघणार नव्हती. भिंतीच्या फटींतून ती शेजारच्या वस्त्यांवर विषारी काळा धूर सोडू लागली, आणि भगदाड उघडंच राहिलं.

वर, खिडकीच्या उजेडात, जिच्या कातडीत ही वस्ती होती त्या बाईने हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली. जेवणाच्या ताटात तिने कडेला सारलेली आवळ्याची फोड सुकत चालली होती. बाईने बाटली हलवली, आणि आज एकीऐवजी दोन सोनेरी, तेलाने भरलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या तळहातावर घेतल्या.